जवळ कोण होतं

लंकाबाईंच्या डाव्या गालाला आतून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणीच त्याचा फार बाऊ करत नव्हतं, कारण त्यांच्या लेकीने, उज्वलाने, आपल्या मनाची पक्की समजूत घालून ठेवली होती. आई पूर्वी मिश्री लावायची, ती सोडून सहा वर्षं झाली. गाव सोडून नाशिकला लेकीकडे राहायला आली तेव्हाच सोडली. तंबाखू नाही म्हणजे भिण्याचं कारण नाही. दाताचं एखादं टोक घासत असेल, उष्णता असेल, वय झालं. उज्वला आकडेवारीत आयुष्य काढलेली बाई. पुरावा नसताना घाबरणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

दातांच्या डॉक्टरांना दाखवलंही होतं. उज्वलाच्या नवऱ्याने, दीपकने, गाडी काढली आणि तिघं मिळून गेले. दवाखाना लहान, डॉक्टरांसमोर तीन खुर्च्या ओळीने मांडलेल्या, तिघं तिथे बसले. डॉक्टर तरुण होते, पण नीट विचारपूस करणारे. "आजी, तंबाखू, मिश्री, सुपारी, काही सवय?" लंकाबाईंनी डोक्यावरचा पदर थोडा पुढे ओढला आणि म्हणाल्या, "नाय." उज्वलाने पुस्ती जोडली, "सहा वर्षं झाली मिश्री सोडून." सांगताना तिला आईचा अभिमानसुद्धा वाटला. डॉक्टरांनी एक धारदार झालेला दात घासून गुळगुळीत केला, मलम लिहून दिलं आणि बजावलं, पंधरा दिवसांत भरली नाही तर परत या, तुकडा काढून तपासायला पाठवू.

पंधरा दिवसांनी उज्वलाने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "आई, भरली का गं?" आई म्हणाली, "भरत आलीय." हे "भरत आलीय" मग अख्खा पावसाळा चाललं. उज्वलाने एकदाही बॅटरी घेऊन आईचं तोंड उघडून पाहिलं नाही. तिला सवडच नव्हती, असं म्हणायला हरकत नाही. पण खरं सांगायचं तर तिला गरज वाटली नाही.

सवड नव्हती हेही खोटं नव्हतं म्हणा. नाशिकमधल्या द्वारकेच्या चौकापासून थोडं आत, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर, आरोग्याच्या पाहण्या करणाऱ्या एका लहानशा संस्थेचं ऑफिस आहे. खाली दिवसभर ट्रकवाल्यांचे हॉर्न, वर तीन कंप्युटर आणि एक कुरकुरणारा पंखा. त्यातल्या खिडकीजवळच्या कंप्युटरवर उज्वला बसते. सुरगाण्यापासून इगतपुरीपर्यंत पोरंपोरी गावोगाव हिंडून लोकांना प्रश्न विचारतात, उत्तरं टॅबवर भरतात आणि ती हजारो उत्तरं तिच्याकडे येऊन पडतात. तांदूळ निवडावेत तशी ती निवडायची. सात वर्षांची आजी सापडते, तिचं वय सत्तर करायचं. पंधरा वर्षांचा पोरगा वीस वर्षांपासून बिडी ओढतो असं निघतं, त्याच्या घरी परत फोन लावायचा. निवडून झालं की मग हिशेब मांडायचा.

निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या वाल्मीक नावाच्या शेतकऱ्याची उज्वला ही थोरली लेक. दोघी बहिणीच, भाऊ नाही. संख्याशास्त्रात एम. एस्सी. केली आणि मग तासिका तत्त्वावर कॉलेजांमधून शिकवत राहिली. आज इथे दोन तास, उद्या तिथे तीन तास, आणि पक्क्या नोकरीचं दर जूनला नुसतं आश्वासन. चाळिशी उलटल्यावर तिने तो नाद सोडला आणि या संस्थेत आली. इथे पाटी कोरी करून शिकावं लागलं. आधी आकडेमोडीचा एसपीएसएस, मग आर नावाचा तो फुकट मिळणारा प्रोग्राम, ज्याच्यात एक स्वल्पविराम चुकला तरी पडद्यावर लाल अक्षरांत रागावणं सुरू. तिची मुलगी आरोही मागे उभी राहून हसायची, "आई, तुला कंप्युटर ओरडतोय." उज्वला म्हणायची, "ओरडू दे. कॉलेजचे प्रिन्सिपॉल ओरडायचे, त्यापेक्षा हा बरा. का ओरडतो ते तरी सांगतो."

वडील गेले तेव्हा धाकट्या बहिणीच्या घरी सासू-सासरे दोघेही होते, तिथे जागा नव्हती. म्हणून लंकाबाई उज्वलाकडे आल्या. आल्या म्हणजे आणाव्या लागल्या. लेकीच्या घरी जाऊन राहायचं, जावयाचं अन्न खायचं, हे त्यांच्या पिढीच्या बाईला मरणाहून अवघड. दीपक भला माणूस, द्वारकेलाच त्याचं मालवाहतुकीचं बुकिंगचं ऑफिस; सासूला तो "मामी" म्हणायचा आणि त्यांच्या ताटात आधी वाढायला लावायचा. पण सहा वर्षांत घरात लंकाबाई त्याच्यासमोर कधी खुर्चीवर टेकल्या नाहीत. तो घरात आला की पदर डोक्यावर जायचा. त्याला काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगावं तसं सांगायच्या, "चहा झालाय म्हणावं." दीपकही मग भिंतीलाच उत्तर द्यायचा. आरोहीला या सगळ्याचं फार हसू यायचं. उज्वलाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. तिच्या लेखी हे घरातलं वळण होतं, आणि चांगलं वळण होतं.

त्या वर्षीची पाहणी तंबाखूची होती. कोण खातं, कोण ओढतं, कोण मिश्री लावतं, कधीपासून आणि दिवसातून किती वेळा. तिच्या आकड्यांवर एक गोष्ट ठरायची होती. तोंडाची तपासणी करणारी एक गाडी संस्थेला वर्षभरासाठी मिळणार होती. ती पुरुषांसाठी आठवडेबाजारांत उभी करायची, की बायकांसाठी वाड्यावस्त्यांवर न्यायची, हे अहवाल बघून ठरणार होतं. दोन्हीकडे पुरेल एवढं डिझेल आणि एवढे डॉक्टर नव्हते.

आकडे आले. पुरुषांमध्ये निम्म्याच्या आसपास. बायकांमध्ये शंभरात सात. संस्थेचे प्रमुख डॉक्टर अमोल उज्वलापेक्षा दहा वर्षांनी लहान होते, पण माणूस सरळ. त्यांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, मग प्रश्नच मिटला. गाडी बाजारांत. तुम्ही अहवाल पुरा करा." उज्वलालाही त्यात गैर काही वाटलं नाही. सातच म्हणजे कमी वाटतात, एवढं मनात आलं; पण आकडा आकडा असतो. आणि हा आकडा साधा नव्हता. पाहणीत विचारलेली एक बाई म्हणजे एकच बाई नसते. तिच्या मागे तिच्यासारख्या चारशे-पाचशे बायका उभ्या धरायच्या असतात, त्याला वजन देणं म्हणतात. एकीने "नाही" म्हटलं की प्रोग्राम गुपचूप पाचशे "नाही" लिहितो.

अहवाल बंद करायच्या आधी प्रत्येक रकाना एकदा उघडून बघायचा, ही उज्वलाची सवय. कुणी विचारत नाही तोही बघायचा. पाहणीच्या शेवटी एक असाच दुर्लक्षित रकाना होता. तो लोकांना विचारायचा नसतो, पाहणी करणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी बघून भरायचा असतो: मुलाखतीच्या वेळी जवळ कोण होतं. कुणी नाही, नवरा, सासू, सासरे किंवा दीर, इतर. उज्वलाने तो सहज बायकांच्या उत्तरांसमोर आडवा लावला आणि बटण दाबलं.

सहातली एकच बाई एकटी भेटली होती. बाकी सगळ्यांच्या जवळ कुणी ना कुणी होतं. ज्यांच्या जवळ कुणी होतं त्यांच्यात मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्या शंभरात दोन. ज्या एकट्या होत्या त्यांच्यात शंभरात बत्तीस.

तिला आधी वाटलं, आपल्याकडूनच कुठे स्वल्पविराम चुकला. पुन्हा चालवलं, तेच आलं. मग वाटलं, एकट्या भेटलेल्या बायका म्हाताऱ्या असतील, विधवा असतील, त्यांच्यात सवय जास्तच असणार. म्हणून वयाप्रमाणे गट पाडले. तरण्या बायका, मधल्या, म्हाताऱ्या, तिन्ही गटांत तीच दरी. तालुके वेगळे केले, तरी तीच. मग तिने सुरगाण्याला चंदरला फोन लावला. चंदर पाहणीच्या पोरांवर देखरेख ठेवायचा.

"चंदर, बायकांना प्रश्न कुठे बसून विचारायचे?"

"कुठे म्हणजे, मॅडम? पडवीत. आपण गेलो का घरचे खाट टाकतेत, पाणी देतेत. सगळे जमतेत बघायला. म्हातारा बसतो, दीर बसतो, शेजारचे दोघं येतेत. त्यांना उठा कसं म्हणायचं? पाहुणे ना आपण."

"आणि बाई?"

"बाई दारात उभी ऱ्हाती. आपण विचारलं का ती आधी म्हाताऱ्याकडं बघती. मग नाय म्हणती."

"तुम्हाला पोरांना ते कळत नव्हतं?"

चंदर म्हणाला, "कळतं ना मॅडम. दात दिसतेत की. पण ती नाय म्हणल्यावर आपण हाय कसं लिहायचं? तिच्या घरात, तिच्या सासऱ्यापुढं?"

उज्वलाने फोन ठेवला. चंदरचं काहीच चुकलं नव्हतं. तिनेच प्रशिक्षणात पोरांना शिकवलं होतं, बाई सांगेल तेच लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "जवळ कोण होतं" या रकान्याचे पर्याय तिनेच ठरवले होते. आणि अचानक तिच्या ध्यानात आलं, त्या पर्यायांत जावई नव्हता.

दातांच्या दवाखान्यातल्या त्या ओळीने मांडलेल्या तीन खुर्च्या तिला दिसल्या. मधे ती, उजवीकडे आई, डावीकडे दीपक. पाहणी सुरू व्हायच्या आधी तिने सरावासाठी घरीच आईची मुलाखत घेतली होती, तीही आठवली. जेवणं चालली होती, दीपक भात कालवत होता, आरोही हसत होती, आणि उज्वलाने टॅब पुढे धरून विचारलं होतं, "लंकाबाई वाल्मीक, तुम्ही तंबाखू किंवा मिश्री वापरता का?" आईने पदर ओढला होता. "नाय बाई," म्हणाली होती. सगळे हसले होते. आईच्या "नाही"च्या मागे उज्वलाने पाचशे बायका नव्हत्या उभ्या केल्या, पण स्वतःचा सगळा भरवसा उभा केला होता.

ती दुपारीच उठली. अमोल सरांना म्हणाली, "सर, बायकांचा तक्ता चुकीचा आहे. उद्या सगळं दाखवते. आज मला घरी जायचंय." सरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवून होकार दिला.

घरी आई एकटीच होती. दीपक ऑफिसात, आरोही क्लासला. लंकाबाई गॅलरीत जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. उज्वला त्यांच्या समोर जमिनीवरच बसली. ऑफिसची पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नव्हती.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"काय झालं? आरोही बरी हाय ना?"

"आरोही बरी आहे. आई, तू मिश्री लावतेस का अजून?"

लंकाबाईंचा हात काडीवर थांबला. "त्या कंप्युटरमधी लिहायला विचारती का?"

"नाही गं."

"मग?"

"मला भीती वाटतेय म्हणून विचारते."

लंकाबाईंनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तरी त्यांचा हात पदराकडे गेलाच. मग त्या अगदी हळू बोलल्या, "सुटत नाय गं. लय बघितलं सोडून. सकाळी लावल्याबिगर डोकं चालत नाय, पोट साफ होत नाय. इथं आल्यावर भाजायची सोय नव्हती. जावईबापूंच्या घरात वास करायचा का मी? मग तयार पुडी आणते, कोपऱ्यावरच्या दुकानातून. न्हाणीत लावते, नळ सोडून. चार बादल्या पाणी वाया घालवते रोज, त्याचं बी पाप."

"आणि जखम?"

"ती नाय भरत."

"मग भरत आलीय, भरत आलीय, काय म्हणत होतीस?"

"तू घाईत विचारायची. घाईतल्या माणसाला काय सांगायचं?" लंकाबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच उज्वलाला ते जास्त लागलं.

तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि आईला तोंड उघडायला सांगितलं. तोंड पूर्ण उघडेना. दोन बोटं जेमतेम जातील एवढंच उघडलं. आत गालाला पांढुरका चट्टा, त्याच्या मध्ये लाल खड्डा आणि कडा कडक. उज्वला डॉक्टर नव्हती, पण पाहणीच्या प्रशिक्षणात तिने असे फोटो पन्नासदा पाहिले होते, पोरांना दाखवले होते, आणि फोटोतली ती तोंडं कुणाची तरी आई असतील हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिने टॉर्च बंद केला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. लंकाबाई घाबरल्या. कोथिंबिरीच्या ओल्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "उगी. जावईबापूंना नको सांगू, एवढंच कर."

दुसऱ्याच दिवशी मायलेकी दोघीच मोठ्या दवाखान्यात गेल्या, रिक्षाने. दीपकला सांगितलं, आईचे गुडघे दाखवायला चाललोय. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. लंकाबाईंनी आधी मागे वळून पाहिलं, मग उज्वलाकडे, आणि म्हणाल्या, "व्हय. लगीन झाल्यापासून." तुकडा काढून तपासायला गेला. निकाल आला तेव्हा कागद उज्वलाने उभ्या उभ्याच वाचला. कॅन्सर होता. ऑपरेशन करावं लागणार होतं, गालाचा आणि खालच्या जबड्याचा काही भाग काढावा लागणार होता. "दोन-तीन महिने आधी आला असतात तर कमी कापावं लागलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. रोज कुणाला तरी सांगतात तसं सांगितलं.

मधल्या काळात ऑफिसातलं काम थांबलं नव्हतं. अमोल सरांनी तिचे तक्ते तासभर उलटेसुलटे करून पाहिले, शंका काढल्या, तिने एकेक शंका प्रोग्राममध्ये चालवून दाखवली. शेवटी त्यांनी हात टेकले आणि म्हणाले, "म्हणजे आपण बायकांना विचारलंच नाही. आपण त्यांच्या घराला विचारलं." चंदरच्या पोरी पुन्हा काही गावांत गेल्या, या वेळी पाणवठ्यावर आणि भात कापून परतणाऱ्या बायकांमध्ये, पुरुषांना टाळून. उत्तरं बदलली. गाडीचा निर्णय फिरला. ती वाड्यावस्त्यांवर जाणार, आणि बायकांची तपासणी बायकाच करणार, हे ठरलं. एखाद्या चांगल्या नोकरदार बाईच्या आयुष्यात एवढं झालं तर तिने पेढे वाटावेत. उज्वलाने अहवालावर सही केली आणि ऑपरेशनच्या तारखेसाठी रजेचा अर्ज लिहायला घेतला.

आता दीपकला सांगणं भाग होतं. घरी आई असायची, म्हणून उज्वला दुपारी त्याच्या बुकिंग ऑफिसात गेली. बाहेर टेम्पोत पोती चढत होती. दीपकने तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. जखम, मिश्री, कॅन्सर, ऑपरेशन. आईने सोडली नव्हती, न्हाणीत लपून लावायची, हेही सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही तिला काही बोलू नका. तिला फार लाज वाटते तुमची."

दीपकने समोरची पावत्यांची वही मिटली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"मिश्रीचं. सकाळी मामींच्या मागून मीच जातो ना आंघोळीला. खिडकी उघडून ठेवायच्या, फरशीवर पाणी ओतून ठेवायच्या. पण तो वास जातो का? माझी आई लावायची. लहानपणापासूनचा वास आहे तो."

उज्वलाने खुर्ची पुढे ओढली. "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

"आणि बोलला नाहीत? सहा वर्षं?"

"काय बोलू? जावई आहे मी. सासूच्या न्हाणीतल्या गोष्टी काढू?"

"मला सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांना बोलली असतीस. मग मला कळलंय हे त्यांना कळलं असतं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून गावाला गेल्या असत्या. गेल्या असत्या की नाही, तूच सांग."

गेल्या असत्या. उज्वलालाही ते ठाऊक होतं.

"पण दवाखान्यात? डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं, दीपक!" इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली, आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

"त्या 'नाही' म्हणाल्या," तो म्हणाला. "माझ्यासमोर म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर मी 'हो' कसं म्हणू? मला वाटलं, एवढीशी जखम, दात घासला की भरेल. मला काय माहीत, उज्वला. मला खरंच वाटलं, भरेल."

तिला त्याचा राग यायला हवा होता. येईना. तिघांपैकी कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आईने जावयाचा मान राखला, जावयाने सासूचा मान राखला, आणि दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून तिने अभिमानाने सांगितलं, सहा वर्षं झाली सोडून. चहा आला, निवला, कुणी प्याला नाही. टेम्पो भरून झाला तसा हमाल पावतीसाठी आत आला आणि दोघांचे चेहरे बघून तसाच बाहेर गेला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लंकाबाई वॉर्डात खाटेवर बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई येऊन समजावून गेल्या होत्या. जीव वाचायची आशा चांगली आहे, पण बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही, शब्द जड येतील, काही अक्षरं कदाचित येणारच नाहीत. लंकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उज्वलाला म्हणाल्या, "जावईबापूंना आत बोलाव."

दीपक बाहेर बाकावर बसला होता. तो आला आणि खाटेपासून जरा दूर, पायथ्याशी उभा राहिला. लंकाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे घेतला. आज मात्र त्या भिंतीकडे बघत नव्हत्या.

"उद्यापास्नं मला नीट बोलता येईल का नाय, काय माहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून येतंय तवर माझ्याच तोंडानं सांगते. मी तुमच्या घरात खोटं बोलले, जावईबापू. मिसरी सोडली म्हणले, पण सोडली नव्हती. न्हाणीत लपून लावायची. तुमचं अन्न खाल्लं आन् तुम्हालाच फसवलं. माझ्या मनात लय दिवस होतं."

उज्वलाने दीपककडे पाहिलं. त्याची मान खाली होती. तो खाटेच्या लोखंडी दांडीवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने तोंड वर केलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर नवलाशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

"असं होय?" तो म्हणाला. "मला तर कधी शंकासुद्धा आली नाही, मामी."

लंकाबाईंनी लांब श्वास सोडला. सहा वर्षांत पहिल्यांदा जावयासमोर त्यांनी पाय खाटेवर पसरले आणि उशीला पाठ टेकवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला वास येत असंल."